मी शंकेची नाही, स्वयंपाकघरातली पाल

मी पाल बोलतेय. नको, झाडू शोधायला उठू नका; मी भिंतीवर आहे आणि तिथूनच बोलणार आहे. माझं दिसणं काही फार सुखाचं नाही, हे मला ठाऊक आहे. त्यातून तुमच्या भाषेनं माझी पार बदनामी करून ठेवलीय. कुणाच्या मनात संशय आला की म्हणे शंकेची पाल चुकचुकली. अहो, मी चुकचुकते ती माझ्या जातीच्या कुणाला तरी हाक मारायला. तुमच्या शंका तुमच्या. आणि आमच्या घरात शंका काढायला पाल लागतच नाही. ढब्बूची आई एकटी पुरेशी आहे.

ढब्बू म्हणजे या घरातली नुकतीच रांगू लागलेली लेक. आधी गाल येतात, मागून ती येते. घरात तिचे आईबाबा, आजी आणि मोजलंत तर मी.

माझा जन्म दारामागच्या मीटरच्या पेटीआड झाला. आमच्यात आई अंडी घालते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. पिल्लू काय खातं, कधी झोपतं, याची ती चौकशी करत नाही. म्हणून ढब्बूच्या आईचं मला भारी नवल वाटायचं. बाळ झोपलं की ही त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायची. चालू असायचा. बोट खरं सांगतंय ना, म्हणून पुन्हा बघायची.

त्या काळी घरात अधूनमधून फवारणीवाला यायचा. पाठीवर टाकी, हातात नळी. त्याच्या एका फेरीनंतर माझी भावंडं एकेक करून भिंतीवरून गळाली. मी गॅलरीत होते म्हणून वाचले. पुढे एकदा ढब्बूच्या आईनं मला पाहून चप्पल भिरकावली, त्यात माझी शेपटी गेली. नवी आली, पण जरा आखूड आणि जाडी. मी राग धरला नाही. तिनं डोळे मिटून मारली होती. लागली हाच अपघात.

मग एके दिवशी ढब्बूनं फरशी चाटली. नुकतीच पुसलेली, त्या उग्र वासाच्या निळ्या औषधानं. आईनं तिला उचललं, जीभ पुसली, डॉक्टरांना फोन लावला. पाणी पाजा, काळजीचं कारण नाही, असं ते म्हणाले. कारण नसताना काळजी करणं हा तर हिचा हातखंडा. ती ओट्याखालचं कपाट उघडून खाली बसली आणि एकेका बाटलीमागची बारीक अक्षरं वाचू लागली. सगळ्या बाटल्यांवर एकच सूचना होती: लहान मुलांपासून दूर ठेवा.

"आणि आपण मुलीला यावरूनच रांगवतोय," ती म्हणाली.

तेव्हापासून घर नैसर्गिक करायची मोहीम सुरू झाली. बाटल्या गेल्या, फवारणी बंद झाली. तिनं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतला, सिंक फेसानं उसळलं, तिला फार बरं वाटलं. आठवडाभरानं फोनवर वाचताना कळलं की दोन्ही मिसळले की एकमेकांचा जोर मारतात. "म्हणजे इतके दिवस मी जवळजवळ मिठाच्या पाण्यानं घर पुसत होते?" तिनं विचारलं. मग साधा साबण आणि गरम पाणी आलं. जुन्या सुती चादरी फाडून फडकी झाली. आजींनी तेवढ्यात टोमणा मारून घेतला, "आम्ही चादरी फाडल्या तेव्हा चिकट ठरलो. तू फाडल्यास की निसर्गप्रेम."

गॅलरीत ओल्या कचऱ्याची खतकुंडी बसली. खताचं माहीत नाही, पण चिलटांचं पीक उत्तम आलंय, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझी मात्र चंगळ होती.

चिलटांपाठोपाठ झुरळं आली. एक थेट ढब्बूच्या वाटीत फिरताना आजींनी पाहिलं आणि घरातलं वारं फिरलं. बाबांनी शनिवारी फवारणीवाल्याला यायला सांगितलं. आजींनी मान डोलावली. औषध वाईट की झुरळ वाईट, हे आई फोनवर बहिणीला विचारत राहिली आणि बहिणीचं ऐकायच्या आत स्वतःच दोन्ही बाजूंनी भांडत राहिली. मी वरून ऐकत होते. फवारणी झाली तर झुरळं जाणार, मी जाणार आणि ढब्बूचे ओले हात पुन्हा त्याच विषावर टेकणार.

शुक्रवारी दिवेलागणीला आई भाजी चिरत होती. ढब्बू चटईवर. कपाटाखालून एक बारीक तपकिरी झुरळ निघालं आणि भिंतीच्या कडेनं चटईकडे चालू लागलं. ढब्बूनं ते पाहिलं आणि आनंदानं हात पुढे केला. पकडलं की तोंडात, हा तिचा नियम. आई सुरी टाकून धावली, पण चटई लांब होती.

माणसं असताना जमिनीवर उतरणं म्हणजे आमच्यासाठी जिवाशी खेळ. तरी मी उतरले. बाळाच्या मायेनं, असं म्हणायला मला आवडेल, पण भूकही होती. एक झडप, आणि झुरळ माझ्या तोंडात. त्याचे दोन पाय बाहेर लोंबत होते. देखावा काही बघण्यासारखा नव्हता.

ढब्बूला कडेवर घेऊन आई उभी होती. किंचाळायला तोंड उघडलेलं, आवाज मात्र आला नाही. ढब्बू खिदळली. मग आई हळूच मला म्हणाली, "बरं. पण दुधाच्या पातेल्याकडे फिरकायचं नाही."

शनिवारी फवारणीवाला आला. संध्याकाळपर्यंत बाळाला घेऊन बाहेर जा, भांडी झाकून ठेवा, असं त्यानं दारातच सांगितलं. आई दारातून हलली नाही.

"बाळाला ज्याच्यापासून दूर न्यायचं, ते बाळाच्याच घरात फवारायचं?"

"ते मी कसं सांगणार, ताई? बोलावलं म्हणून आलो," तो म्हणाला.

आईनं त्याची माफी मागितली, चहा पाजून वाटेला लावलं. बाबांनी झुरळांचं काय, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला एक महिना द्या. नाही जमलं, तर मीच त्याला फोन करीन." जमेल याची तिला खात्री होती, असं मला तरी दिसलं नाही.

पण ती रोज झोपण्यापूर्वी सिंक कोरडं करू लागली. ओट्यावर कण ठेवीना. खतकुंडीतल्या ओल्या कचऱ्यावर सुका पाला आणि वर घट्ट झाकण आलं. ते पाहायला आजी रोज जाऊ लागल्या, नावं ठेवायला म्हणून. मोरीच्या भोकाला जाळी बसली. माझी विष्ठा दिसली की ती नाक मुरडून साबणानं पुसते. त्यात माझं काही म्हणणं नाही. झुरळं कमी होत गेली. महिना भरला तरी फोन कुणी केला नाही.

शेवटी बाबा पांढरं सिमेंट घेऊन भिंतीच्या फटी बुजवायला बसले. कपाटामागची बुजली, ओट्याखालची बुजली. मी खिडकीच्या चौकटीवरच्या फटीत अंग चोरून होते. सिमेंट लावायची पट्टी माझ्यापर्यंत आली.

"ही एक राहिली," बाबा म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. "तिथे ती राहते."

आजी आतून म्हणाल्या, "आता तिला ताटही वाढा."

त्याच फटीतून आज मी तुमच्याशी बोलतेय. तुम्हीही घर नैसर्गिक करायला निघालात, तर ओटा कोरडा ठेवा, फटी जरूर बुजवा. फक्त पट्टी फिरवण्याआधी आत जरा डोकावा. भीती वाटली तर वाटू द्या. ढब्बूच्या आईला ती अजून वाटते. दिवा लावला आणि मी दिसले की ती आधी दचकते, छातीवर हात ठेवते, आणि मग म्हणते, "तूच होय."

एवढं पुरतं मला.