पाहुण्याच्या सोयीनं

नकाशा पुन्हा परत आला, तेव्हा रय्याचं डोकं फिरलं. मस्कतमधली इमारती आखण्याची चांगली नोकरी सोडून ती बहला गावातल्या आपल्या घरी आली होती, ती काही वडिलांच्या नाकदुऱ्या काढायला नव्हे. आवारात, खजुरीच्या बागेला लागून, एक नवं अतिथीगृह बांधायचं आणि ते तूच आखायचंस, असं तिच्या वडिलांनी, हमूदनी, स्वतःहून सांगितलं होतं. हे तिच्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम होतं. ते उभं राहिलं तर इथंच बस्तान बसवता येणार होतं, आईवडिलांजवळ राहता येणार होतं, आणि नाही राहिलं तर पुन्हा मस्कतला जाऊन त्याच साहेबांसमोर मान खाली घालायची होती.

तिनं आखलं होतंही सुरेख. वडिलांचं घर जुन्या वळणाचं, पांढरं, दुमजली, कोरीव लाकडी दाराचं. म्हणून नवी इमारत तिनं बुटकी, लांबट, मातकट रंगाच्या उघड्या काँक्रीटची केली होती, म्हणजे जुन्या घराची शान कमी होऊ नये आणि नव्यानं त्याची नक्कलही करू नये. पाहुण्यांचं दार थेट रस्त्याकडे आणि घराकडची भिंत कोरी ठेवली होती. कुठल्याही भल्या घरात अशीच रचना असते.

"घराकडच्या भिंतीला खिडकी हवी," हमूद म्हणाले.

"बाबा, त्या बाजूला आपलं बायकांचं अंगण आहे!"

"माहीत आहे मला. माझंच घर आहे ते."

"पाहुणा तिथून आईला नि मला बघत बसणार का?"

"आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्याला सकाळचं ऊन हवं म्हणतो," हमूद म्हणाले आणि जपाची तसबीह ओढत बागेकडे निघून गेले.

रय्या बघतच राहिली. पाणी घालायला आलेल्या गड्यानं अंगणाकडे मान वळवली म्हणून ज्यांनी त्याला आयुष्यात पुन्हा फाटकाच्या आत घेतलं नव्हतं, ते हे बाबा! रागारागानं तिनं नकाशात खिडकी आखली, आणि आखल्यावर तिला कळलं की या नकाशात इतके दिवस काय खुपत होतं ते हेच. आतली अंधारी बाजू आता उजळणार होती. आपल्याला न सुचलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचावी, याचा तिला त्या खिडकीपेक्षा जास्त संताप आला.

हा पाहुणा बाहेरच्या मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत, उतरलेला होता. ती मस्कतहून आली तेव्हापासून होता. परका पुरुष बसलेला असताना मजलिसमध्ये जायचा तिचा प्रश्नच नव्हता. जेवणाचं ताट तिचा धाकटा भाऊ मुहन्ना नेत असे आणि रिकामं परत आणत असे. एके सकाळी ती त्याच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

"कोण रे हा तुझा मित्र?"

"माझा? बाबांचा असेल."

"बाबा म्हणतात, मुहन्नाचा कुणीतरी आहे."

मुहन्ना हसला. "मग आईच्या माहेरचा असेल. मला काय विचारतेस, इंजिनीअरबाई? तू तुझ्या विटा मोज."

"दिसतो कसा?"

"पाहुण्याकडे टक लावून बघतात का? शांत आहे. आपण बोललो की ऐकून घेतो."

आईनंही कानावर हात ठेवले. मामला साधाच होता आणि म्हणूनच चीड आणणारा. आलेल्या माणसाला पहिले तीन दिवस नाव-गाव विचारायचं नाही, हा रिवाज. त्यानंतर कुणीतरी विचारायचं. इथं प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं विचारलं असेल. आता इतक्या दिवसांनी 'आपण कोण' म्हणून विचारायचं, म्हणजे आजवर आम्ही तुम्हाला ओळखत नव्हतो असं तोंडावर सांगायचं. तो अपमान हमूदांच्या घरात कुणी करणार नव्हतं.

"मी विचारते," रय्या म्हणाली.

"खबरदार," हमूद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोलण्याआधी त्यांनी मजलिसच्या दिशेनं पाहिलं. बाबा घाबरलेले तिनं आजवर पाहिले नव्हते.

मग मात्र तिनं हात टेकले. पाहुण्याला स्वयंपाकघर हवं झालं, तिनं ते आखलं. जोडप्यासाठी एक मोठी खोली हवी झाली, शेजारी एखाद्या तरुण माणसासाठी एक खोली हवी झाली, तीही आखली. हा माणूस बायकापोरं घेऊन कायमचाच मुक्काम ठोकणार की काय, असं ती चिडून म्हणाली, तर कुणी हसलं नाही. नकाशा मजलिसमध्ये जाई, त्यावर पेन्सिलीची एक रेघही न उमटता परत येई, आणि बाबा बदल सांगत. प्रत्येक बदल अचूक असे. शेवटी इमारत उभी राहिली, ती जुन्या घराला इतकी शोभली की फाटकाशी उभं राहिलं तर मुख्य घर कुठलं, हे क्षणभर कळेना. लोक थांबून बघू लागले. रय्याला आनंद व्हायला हवा होता, पण ती रात्रंदिवस धुमसत राहिली.

आतलं रंगकाम संपलं त्या दिवशी दुपारी ती गावातून परतली, तर आई आणि मुहन्ना गाद्या उचलून नव्या इमारतीत नेत होते. आईची शिलाईची पेटी, बाबांची खुर्ची आधीच तिकडे गेली होती.

"हे काय चाललंय?"

"घर बदललं," मुहन्ना म्हणाला. "ती मोठी खोली आईबाबांची, शेजारची माझी. झकास बांधलंयस हं."

रय्यानं सगळा नकाशा मनातल्या मनात पुन्हा पालथा घातला. तिसरी खोली नव्हती. ती कुणी मागितलीच नव्हती.

"आणि मी?"

आई थांबली. इतक्या मायेनं तिनं कितीतरी दिवसांत रय्याकडे बघितलं नव्हतं. "तू इथंच, या घरात. पाहुण्याला एकटं टाकून सगळ्यांनी जायचं, हे बरं दिसतं का?"

"आई, अगं परक्या पुरुषाबरोबर? मी एकटी?"

"परका?" आईला तो शब्दच कळला नसावा. तिनं शेवटची उशी काखेत मारली, उंबरा ओलांडला आणि पायऱ्यांवरून मागे वळून, जरा दबक्या आवाजात म्हणाली, "आणि दार आतून लावून घे, रय्या. बाहेरचं कुणी आत आलेलं त्याला आवडत नाही."