खडकांपर्यंतची वाट

ओहोटी लागली की जुहू किनाऱ्याच्या एका टोकाला खडक उघडे पडतात. तिथल्या डबक्यांत अडकलेले जीव लोकांना दाखवायचे आणि भरतीच्या आत सगळ्यांना सुखरूप परत आणायचं, हे चेतना सुलक्षणाताईंच्या मागे राहून शिकली होती. येत्या रविवारी पहिल्यांदाच ती स्वतः पुढे चालणार होती.

त्या वॉकसाठी नावं आली, त्यात लता नावाच्या बाईंचा मेसेज होता. 'दिंडोशी कोर्टात टायपिस्ट आहे. लहानपणी पोलिओ झाला, कुबडी घेऊन चालते. येऊ का?'

सुलक्षणाताईंनी तो वाचून मोबाइल खाली ठेवला. "नाही म्हण."

"लगेच?"

"चेतना, गेल्या वर्षी धडधाकट मुलगी शेवाळावरून घसरली, मनगट मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते. तुझ्या पहिल्याच वॉकला मला ते नकोय."

त्यांचं चूक नव्हतं. घाटकोपरला घरी येऊन चेतनाने नम्र शब्दांत नकार लिहिलाही, पण पाठवताना तिचा अंगठा अडला. तिने सरळ फोनच लावला.

"लताताई, तुम्ही वाळूत चालला आहात कधी?"

"नाही गं," पलीकडून आवाज आला. "घरचे पाण्यात जायचे, मी कठड्यावर चपला सांभाळत बसायचे. म्हणून तर विचारलं. नाही जमणार म्हणत असशील तर तसं सांग, मला राग नाही येत."

"मला माहीत नाही जमेल की नाही. आधी आपण दोघी जाऊन बघू या?"

मग लताताई म्हणाल्या, "असं कोणी विचारलंच नव्हतं."

कोर्ट सुटल्यावर त्या रिक्षाने जुहूला आल्या. कोरड्या वाळूवर पहिलं पाऊल टाकलं आणि कुबडी भसकन आत गेली. चेतनाने दंड धरला म्हणून पडल्या नाहीत. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा लताताई थांबल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"वाट लागली," त्या हसत म्हणाल्या, पण नजर दूरच्या खडकांवर होती. "चल, परत जाऊ."

"ताई, अडतंय ते कुबडीचं टोक. खाली काही रुंद बसवता आलं तर?"

"मग काय, चेंबूरपर्यंत जाईन चालत."

चेतनाचा शाळेतला मित्र नितेश साकीनाक्याला रबराचे सुटे भाग बनवायचा. तिने कुबडीचा फोटो आणि टोकाचं माप नेऊन दाखवलं. त्याने आधी डोकं खाजवलं, मग जाड रबराची बशीएवढी चकती कापली, खालून खाचा पाडल्या आणि मधे कुबडीचं टोक घट्ट बसेल अशी खोबण केली.

"झकास!" चेतना म्हणाली.

"आधी चालून बघा, मग झकास म्हण. ओल्या दगडावर चालेल का, मला नाही माहीत."

शनिवारी पहाटे तिघी किनाऱ्यावर आल्या. चेतनाकडून कळल्यावर सुलक्षणाताई स्वतःहून आल्या होत्या, पण चेहऱ्यावर नाराजी होती. पाणी खूप आत गेलं होतं. चेतनाने काठीने वाळू टोचत टोचत पाण्यालगतची घट्ट पट्टी शोधली आणि लताताईंना त्या पट्टीवरून नेलं. या वेळी कुबडी रुतली नाही. चकतीचा ठसा मागे उमटत गेला. खडकांशी आल्यावर मात्र पहिल्याच हिरव्या दगडावर चकती सर्रकन सरकली.

"बघितलंस?" सुलक्षणाताई ओरडल्या.

"बघितलं," चेतना म्हणाली. "म्हणजे खडकावर चढायचं नाही. कडेच्या वाळूतून जाऊ."

कडेने वळसा घालून त्या एका उथळ डबक्यापाशी पोचल्या. लताताई शेजारच्या कोरड्या दगडावर बसल्या. पाण्यात समुद्रफूल उमललं होतं, फुलासारख्या त्या जीवाच्या बारीक पाकळ्या हलत होत्या. एक चिमुकला खेकडा शंख पाठीवर घेऊन त्यांच्या बोटाच्या सावलीतून लगबगीने निघून गेला. लताताई वाकून बघत राहिल्या.

तेवढ्यात चेतनाच्या लक्षात आलं, पुढचा सपाट दगड मघाशी कोरडा होता, आता ओला झालाय. तिने शिट्टी वाजवली.

"परत फिरायचं."

"अगं, आत्ता तर बसले! पाच मिनिटं दे ना."

चेतनाला द्यावीशी वाटली. तिने सुलक्षणाताईंकडे पाहिलं, पण त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"नाही ताई. पाणी वळलंय. उठा."

लताताई कुरकुरत उठल्या, पण उठल्या. त्या रस्त्याला लागल्या तेव्हा मघाची पट्टी अर्धी पाण्याखाली गेली होती.

"आता बरोबर वागलीस," सुलक्षणाताई म्हणाल्या. मग लताताईंकडे वळल्या. "उद्या अजून लवकर या. म्हणजे जास्त वेळ बसता येईल."

रविवारी सगळे जमले. ज्याची चाल सगळ्यांत हळू, त्याच्या चालीने सगळ्यांनी जायचं, कोणी पुढे पळायचं नाही, असं चेतनाने आधीच बजावलं. अंधार नुकता ओसरत होता. तिने काठीने वाळू टोचली, मागे वळून हात केला आणि तिच्या मागोमाग लताताई निघाल्या. त्यांच्या मागे बाकीची रांग, कोणी घाई न करता.