रानडुकरांचा उगम

ही २०११ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या घरात कॉम्प्युटरपुढे सगळ्यात जास्त कोण बसलं असेल, तर आमचे हे. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त प्लंबर. आणि काम काय, तर रानडुकरं मारायची.

त्याचं असं झालं. आमची मुलगी हॉस्पिटलात नर्स. जावई परदेशात क्रेन चालवायचा, वर्षातून एकदा घरी यायचा. फोनवर दोघांचं दोन वाक्यांत वाजायचं. पण एका गेममध्ये भेटले की गोडीनं बोलत. ती लाल झग्यात, तो चिलखत घालून. दोघं कुरणातून चालायची आणि खाली टाइप करून गप्पा मारायची. नवराबायकोला बोलायला चिलखत कशाला लागतं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

जावयाला सुट्टीच्या दिवशी दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तो भराभर वरच्या लेव्हलला पोचला. मुलगी मागे राहिली. शनिवारी त्याच्या टोळीचं जहाज कुठल्याशा बेटावर निघणार होतं, ते लोक महिनोन्‌महिने परतणार नव्हते. आणि कमी लेव्हलवाल्याला जहाजावर घेत नसत.

"नाही गेलीस तर काय होईल?" मी विचारलं.

"तो बेटावर आणि मी इथे डुकरांत," मुलगी म्हणाली. "मागे फोनवर म्हणाला, आपल्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. निदान इथे तरी बोलतो गं."

शनिवारची सुट्टी मिळवायला ती आठवडाभर दुहेरी पाळ्या करणार होती. म्हणून तिनं बाबांना शिकवलं, "डुक्कर दिसलं की हे बटण. मेलं की पुढचं. मारत राहिलात की लेव्हल आपोआप वाढते. दुसरं काही करायचं नाही."

पहिल्या दिवशी यांनी इमानेइतबारे डुकरं मारली. मी शेजारी मटार सोलत होते.

"अहो, ते पुन्हा आलं."

"बघतोय."

"मघाशी मारलंत तेच ना?"

"तेच. त्याच दगडापाशी."

"मग मारून उपयोग काय?"

"ताकद वाढते म्हणे."

"कुणाची? तुमची तर मान आखडलीय."

घाण्याचा बैल गोल फिरतो, पण निदान तेल तरी निघतं. इथे काय निघत होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी यांनी हात थांबवला. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस. गळती न शोधता फरशी पुसत बसणाऱ्यांना ते कायम हसायचे. "हे नुसतं पुसणं झालं," म्हणाले. "ही येतात कुठून, ते बघायला हवं. उगम बंद केला की मिटलं." मलाही पटलं. मग झगेवालीला घेऊन ते ओढ्याच्या काठानं वर निघाले. मोठं जनावर दिसलं की दगडाआड उभे राहत. मुलगी घरी येऊन अर्धवट झोपेत विचारायची, "चाललंय ना बाबा?"

"चाललंय. मुळाशी पोचतोय."

शनिवारी दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली.

"बाबा, लेव्हल जिथल्या तिथे आहे. आणि मी आहे कुठे?"

पडद्यावर धबधब्यामागची अंधारी कपार होती.

"डुकरांचं कळलं नाही," हे म्हणाले, "पण पाणी कुठून येतं ते सापडलं."

मुलगी ओरडली नाही. कपाळ धरून बसली. तेवढ्यात खाली अक्षरं उमटली. ती मला वाचून दाखवू लागली. कुठे आहेस? जहाज सुटतंय.

तिनं लिहिलं, मी येत नाही. बाबांनी मला कुठेतरी नेऊन ठेवलंय. धबधब्यामागे.

त्याचं आलं, इकडे धबधबा नाहीच.

आहे. मी आत उभी आहे.

मग फोन वाजला. मुलीनं ऐकलं, आणि गोंधळून फोन यांच्या हातात दिला. "रस्ता विचारतोय."

"जावईबापू, ओढा धरा. पाण्याच्या उलट. नाही, पूल कुठे म्हणालो मी? आणि तुमचं जहाज?" पलीकडून काहीतरी आलं. "गेलं? मग घाई नाही. डाव्या हाताला मोठा दगड लागेल."

सगळी दुपार त्यात गेली. फोन या हातातून त्या हातात. "अरे, उलटा चाललायस तू." "मग नीट सांग ना." भांडत होते, पण फोन कुणी ठेवत नव्हतं. शेवटी चिलखतवाला पाण्यातून आत आला, आणि मुलगी फोन कानाला लावूनच आतल्या खोलीत गेली. पडद्यावर दोघं नुसती उभी.

"बिघडलं का हो?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस," हे म्हणाले.

जावई पुढच्या वर्षी करार संपवून परत आला. आता इथल्याच बंदरात क्रेन चालवतो. मुलगी वॉर्डची मुख्य झाली. त्याच्या टोळीचं काय झालं, ठाऊक नाही. तो गेम कंपनीनं कधीच बंद केला. हे चार वर्षांपूर्वी गेले, झोपेत. मी मुलीकडे राहते. दोघं अजून भांडतात, पण समोरासमोर. आवाज वाढला की मी माझी खुर्ची गॅलरीत नेते.