समुद्रात गेलेली शाळा

अमेरिकेत रेडमंडमध्ये नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत पद्मजा अकरा वर्षं काम करत होती. सॅटेलाइटच्या फोटोंत समुद्रावर लाटांचे, ढगांचे जे बारीकसारीक ठिपके उमटतात, ते पुसून टाकणारा प्रोग्राम तिचा. पन्नास मीटरपेक्षा अरुंद काही दिसलं की ते पाणी समजायचं, हा नियम तिनेच घातला होता. त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती!

आता तुवालू हा देश मुळात आहेच केवढासा! प्रशांत महासागरातली नऊ बेटं, तीही वाळूची आणि पोवळ्यांची. आत शांत खारं तळं, बाहेर उघडा समुद्र, मधे पट्टीएवढी जमीन. डोंगर नाही, नदी नाही. प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. काही ठिकाणी तर या किनाऱ्यावर कोणी शिंकलं तर त्या किनाऱ्यावर ऐकू जावं. पद्मजाच्या नियमाने अशी सगळी जमीन बुडवून टाकली.

सोमवारी तिथल्या एका शाळेतल्या लोसाबाईंची तक्रार आली. ‘तुमच्या नकाशात आमची शाळा समुद्रात आहे. वादळात मदत पाठवणारे तुमचाच नकाशा बघतात. आम्हाला कृपया जमिनीवर आणा.’

दुरुस्ती दोन ओळींची होती, पण तिच्याखाली चूक कोणाची ते नाव लिहावं लागे. गेल्याच महिन्यात असं नाव लिहिणाऱ्या टीममधल्या रत्नाला कंपनीने घरी बसवलं होतं. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. त्यात पद्मजाची मुलगी नैना बारावीत, आणि ग्रीन कार्डची रांग काही हलत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसातल्या रवींद्रकाकांना गाठलं.

“काका, फिक्स टाकू का?”

“वेडी आहेस का? ले-ऑफच्या सीझनमध्ये आपल्या लोकांनी बगवर नाव लावायचं नसतं. लाटांचा नॉइज आहे म्हणून क्लोज कर.”

“पण तिथे शाळेत मुलं आहेत हो.”

“आणि तुझ्या घरी?”

तिने तक्रार बंद केली. बंद केल्यावर नेहमीचं उत्तर आपोआप जातं, तसं ते गेलं: ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. योग्य ती कार्यवाही केली आहे.’

दुसऱ्या दिवशी लोसाबाईंनी फोटो पाठवला. वर्गभर मुलं, सगळ्यांचे हात वर. खाली लिहिलं होतं, ‘तुमचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचं इंटरनेट फार हळू आहे, म्हणून नकाशा अजून जुनाच दिसतो. उद्यापर्यंत नवा येईल.’

पद्मजाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने तक्रार पुन्हा उघडली. दोन ओळी लिहिल्या, नावाच्या रकान्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ऑफिस रिकामं झालं, तरी रकाना रिकामाच होता.