कात्रीताईच्या डोक्यातलं

वकीलबाईंच्या मानेवरचे कापलेले केस झटकताना कात्रीताईला ती दिसली. स्वतःच्याच पांढऱ्या एप्रनवर, छातीपाशी. तिळाएवढी, करडी, आणि चक्क चालत होती. तिनं ती पटकन चिमटीत धरून मूठ मिटली. पण समोर भिंतभर आरसा होता.

"काय गं ते?" वकीलबाईंनी विचारलं.

"काही नाही, धागा."

वकीलबाई उठल्या. एरवी उठताना मान हलवून केस दोन्ही बाजूंनी बघायच्या. त्या दिवशी सरळ पर्स उचलली. दाराबाहेर पडताना मात्र त्यांचा हात नकळत डोक्याकडे गेला, आणि कात्रीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं केस कापायचं दुकान छोटं, पण चकाचक. सगळी गल्ली तिला कात्रीताई म्हणायची आणि तिला ते आवडायचं. कुणा आईनं उवा झालेली पोरगी आणली, तर ती दारातूनच गोड बोलून वाटेला लावायची, "आधी औषध लावा, मग या हं." आणि दार लागलं की म्हणायची, "घरात लक्ष द्यायला नको, दुसरं काय."

त्या संध्याकाळी तिनं बाथरूमला आतून कडी लावली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि वाकून केसांतून फणी फिरवली. कागदावर टपटप पडल्या. बातम्यांवरून चालायला लागल्या. ती नखांनी एकेक चिरडत होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता. कुणामुळे?

उत्तर तिला लगेच सापडलं. सुट्टीत धाकट्या जावेची मुलगी राहायला आली होती. कमरेखाली जाणारी वेणी, म्हणून काकूनंच तिला लाडानं 'शेपटी' नाव ठेवलं होतं. काकूच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची पोर. म्हणजे तीच. कात्रीताईनं तिथूनच जावेला फोन लावला.

"अगं, तुझ्या लेकीच्या डोक्यात उवा आहेत. मला देऊन गेलीये."

 "मी बघते, ताई."

"बघते काय? माझा धंदा लोकांच्या डोक्यांवर चालतो. एवढे लांब केस ठेवायचे तर निगा नको राखायला? तू दिवसभर कामावर. पोरीकडे बघणार कोण?"

"बघते म्हटलं ना."

फोन ठेवला तेव्हा कात्रीताईला जरा हलकं वाटलं. निदान खापर फोडायला डोकं मिळालं होतं.

औषध आणायला ती ओळखीचं दुकान सोडून लांबच्या दुकानात गेली. बाटलीवर काय लिहिलंय ते न वाचता तिनं एकदा लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, मग पुन्हा. खाज काही थांबेना. शेवटी लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेलं आठवलं आणि तिनं डोक्याला रॉकेल चोळलं. वर घट्ट फडकं बांधलं. आग आग झाली तरी ओठ दाबून बसून राहिली. ही आपल्या हलगर्जीपणाची शिक्षा आहे असंही तिला कुठंतरी वाटत होतं. दुकानाच्या दारावर 'नळाचे काम चालू आहे' अशी पाटी लावली होती.

नवऱ्याला तिनं सर्दीचं कारण सांगून बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं होतं. बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत बसायचा. त्या दिवशी कामावरून आला आणि नाक मुरडत म्हणाला, "स्टोव्ह पेटवलास की काय?"

मग तिनं फडकं काढलं. कानामागची कातडी लाल होऊन सोलवटली होती. उवांच्या औषधाची बाटली तिनं त्याच्यापुढं सरकवली. तिला रडूच आलं.

"एवढंच?" तो तिच्या शेजारी टेकला आणि स्वतःच्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवत म्हणाला, "मला कशाला बाहेर काढलंस? माझ्याकडे आल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या." ती हसली नाही. मग तोही गंभीर झाला. "आधी ते साबणानं धुऊन टाक. आणि हे आता आपल्या आवाक्यातलं नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं."

तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाची त्वचेची डॉक्टर शोधली. बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. आत गेल्यावर मात्र तोंडातून भलतंच आलं.

"माझ्या पुतणीला उवा झाल्यात."

"बरं. पुतणी कुठं आहे?"

"ती... शाळेत."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. "मग रॉकेलचा वास कुणाच्या डोक्याला येतोय? स्कार्फ काढा."

त्या दिवा जवळ ओढून कितीतरी वेळ तिचे केस बाजूला करून बघत राहिल्या. कात्रीताईनं डोळे मिटून घेतले. तिच्या हाताखाली आजवर इतकी डोकी गेली होती. आपलं डोकं असं दुसऱ्याच्या हातात देणं काय असतं, ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"रॉकेल पुन्हा लावायचं नाही. भाजतं, आणि जवळ काडी पेटली असती तर? किती दिवस झाले याला?"

"पुतणी गेल्या महिन्यात राहायला आली होती. तिच्याकडून आल्या."

"नाही." डॉक्टरबाईंनी एक बट उचलून तिच्या हातात आरसा दिला. "ऊ लीख घालते ती केसाच्या मुळाशी. केस वाढतो तशी ती पुढं जाते. ही रिकामी टरफलं बघा, मुळापासून केवढी लांब आहेत."

कात्रीताईनं बघितलं. महिन्याभरात केस किती वाढतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती टरफलं सुट्टीच्या कितीतरी आधीची होती. म्हणजे पोरीनं आणल्या नव्हत्या. पोर घेऊन गेली होती.

"मी रोज केस धुते, डॉक्टर," ती पुटपुटली.

"धुतलेल्या केसांतही होतात. घाणीचा काही संबंध नाही. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात." त्या औषध लिहायला लागल्या. "आधी ही जखम भरू दे. मग हे लावायचं, आणि आठवड्यानं परत एकदा, कारण लिखा पहिल्या वेळी मरतातच असं नाही. मधल्या दिवसांत केस ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, मुळापासून टोकापर्यंत फणी. उशीचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात. कंगवे, ब्रशही. आणि ज्यांच्या डोक्याशी डोकं लागलंय त्या सगळ्यांना तपासायचं. पुतणीलासुद्धा."

"म्हणजे सांगावं लागेल?"

"नाही सांगितलं तर या घरातून त्या घरात फिरत राहतील."

बसमध्ये तिला जागा होती, तरी ती उभीच राहिली. फोनवरचं आपलं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. पोरीकडे बघणार कोण.

जावेच्या घराचं दार शेपटीनं उघडलं. वेणी नव्हती. केस कानांच्या वर कापलेले, एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लोंबते, मागं पायऱ्या पायऱ्या.

"आई, मोठ्या काकू आल्यात," पोरगी आत वळून म्हणाली. नेहमी गळ्यात पडून 'काकू, तू काय आणलंस' म्हणणारी ती.

जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं बसा म्हटलं नाही.

"फोन झाला त्याच दिवशी कापले," ती म्हणाली. "ती रडत होती, मी कापत होते. रजा मिळत नाही, ताई. रोज विंचरत बसायला वेळ कुठून आणू? आणि तुम्ही बोललात ते खरंच वाटलं मला. माझंच लक्ष नव्हतं."

"नाही गं. माझ्याकडून गेल्या तिच्या डोक्यात. आज डॉक्टरनी दाखवलं." कात्रीताईनं स्कार्फ सोडला. "आधी माझ्याच होत्या. मी न बघता तुझ्यावर ढकललं. चुकलं माझं."

जावेनं हातातला टॉवेल पुरता घडी करून ठेवला. "मला सांगून काय उपयोग? केस तिचे गेले."

पोरगी दारातच उभी होती. ऐकत होती. कात्रीताई तिच्यासमोर खाली बसली आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली, सोप्या शब्दांत, काही न वगळता. मग न राहवून तिचा हात पुढं गेला. "ये, मी सारखे करून देते."

पोरगी मागं सरली. "नको. तुम्ही नका हात लावू."

जाऊ मधे पडली नाही. औषध आणि ते कसं लावायचं एवढं समजावून कात्रीताई निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दारावरची पाटी काढली आणि वकीलबाईंना फोन केला. "त्या दिवशी तो धागा नव्हता."

"मला डोळे आहेत गं," वकीलबाई म्हणाल्या. "घरी आल्याबरोबर फणी फिरवली, काही निघालं नाही. पण तू तोंडावर खोटं बोललीस." यायचं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. बाकीच्यांनाही तिनं फोन केले. कुणी हसलं, कुणी 'ई' म्हणून फोन ठेवला. डोकं बरं होईपर्यंत दुकान बंदच राहिलं. उघडल्यावर काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्या राहिल्याच. वकीलबाई मात्र आल्या. उवांची पोरगी घेऊन कुणी आलं, तर कात्रीताई आता दारातून परत पाठवत नसे. मागच्या खोलीत बसवून फणी कशी फिरवायची ते आईला दाखवायची, आणि डॉक्टरबाईंचा पत्ता द्यायची.

एका दुपारी जाऊ आली. सोबत शेपटी. केस जरा वाढून आणखीच विचित्र दिसत होते.

"शाळेत फोटो आहे," जाऊ म्हणाली. "हिला सारखे करून हवेत."

कात्रीताईनं घाईघाईनं खुर्ची झटकली, पण पोरगी बसेना. तिनं ट्रॉलीवरची फणी उचलली.

"आधी तुमचं डोकं बघू द्या."

"अगं!" जाऊ ओरडली. बाकावर थांबलेल्या दोघींनी मासिकातून डोकी वर काढली. त्यांतल्या एक वकीलबाई होत्या. कात्रीताईचे कान तापले. आरशात तिला सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि सगळ्यांना तिचा.

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिनं अंबाडा सोडला. पोरीनं चवड्यांवर उभं राहून भांग पाडला, एक बट धरली, मुळापासून खाली फणी ओढली आणि दिव्याखाली धरून नीट बघितली. मग दुसरी बट.

"आहे का काही?" शेवटी कात्रीताईनं विचारलं.

"हलू नका," पोरगी म्हणाली. "अजून कानामागचं राहिलंय."