काखेतला टाका

मित्रांनो, मला अंगात घालून तुम्ही कधी कप्तान होता, कधी समुद्री चाचे होता आणि खेळ संपला की पेटीत कोंबता. तो जुना कोट म्हणजे मी. गडद निळा, पितळी बटणांचा, खिशावर सोनेरी दोऱ्याने नांगर भरलेला. आता दोन बटणं गेली आहेत आणि नांगर अर्धा उसवला आहे. त्याचं मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती आज सांगून टाकणार आहे.

मला शिवणारा शिंपी खांद्यात कापड राखणारा नव्हता. "ढगळ कोट म्हणजे पोतं," असं तो म्हणायचा. त्याने मला अगदी बेताचा शिवला. उजव्या काखेपाशी येईपर्यंत जाड दोरा संपला, तेव्हा त्याने साध्या दोऱ्यावर भागवलं. तेवढा एक टाका कच्चा राहिला. हे त्याला ठाऊक होतं आणि मला.

मग मी या प्रवासी जहाजावर आलो. तेव्हा इथे नियम होता की सफरीतल्या दोन संध्याकाळी सगळ्यांनी नटूनथटून जेवायला यायचं आणि पुरुषांच्या अंगात कोट हवाच. ज्याच्याकडे नसेल त्याला भोजनगृहाच्या दारातच हेड वेटर मला चढवायचा. नांगर पाहिला की आख्ख्या दालनाला कळायचं, हा गडी उसन्या कोटात आलाय. लोक ओशाळायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. माझ्यावाचून यांना कोणी घास घालणार नाही, असा माझा तोरा होता. इतका शिष्टपणा बरा नव्हे हे मला सांगणार कोण? खुंटीवर मी एकटाच असायचो.

एका सफरीत दाराजवळच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई बसायचे. दोघांचं रोज वाजायचं. न्यायाधीश म्हणायचे, "चांगलं जेवण समोर येतं, त्याचा मान म्हणून तरी माणसाने नीट कपडे घालावेत." डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "वर्षभर कामाचे कपडे घालून जीव आंबतो. सुट्टीतही गळ्याला फास कशाला?" मी अर्थातच न्यायाधीशांच्या बाजूचा. डॉक्टरीणबाई बोलल्या की मी मनातल्या मनात नाक मुरडायचो.

त्या सफरीतल्या पहिल्या नटण्याच्या संध्याकाळी दारात एक जोडपं आलं. ते काका कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. खांदे हे एवढे रुंद. काकूंना झटका येऊन गेला होता, त्यांचा उजवा हात लुळा होता आणि डाव्यात चमचा धरवत नव्हता, म्हणून काकाच त्यांना भरवायचे. मोठ्या दालनात, झुंबराखाली एकदा जेवायचं, ही काकूंची कित्येक वर्षांची हौस. त्यांनी नवा फिकट निळा रेशमी पोशाख घातला होता, केसात मोत्यांची पिन होती. काकांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आणि वर राखाडी स्वेटर. त्याची डावी बाही बोटभर लांब होती. तो काकूंनी विणलेला शेवटचा स्वेटर. त्यानंतर त्यांचा हात गेला.

"स्वेटर चालत नाही साहेब, कोट हवा," हेड वेटर अदबीने म्हणाला.

"अहो, मीच सांगितलं यांना हा घालायला," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे याहून चांगलं काही नाही."

बघा, हे दोघं काही नटायचं टाळत नव्हते. तो स्वेटर म्हणजेच काकांचं नटणं होतं. पण एवढी अक्कल तेव्हा मला कुठली असायला! मी त्या स्वेटरवर जाऊन बसलो आणि तो पार झाकून टाकला.

सूप आलं. काकांनी चमचा भरून काकूंपुढे नेला, आणि हात अर्ध्यातच अडला. मीच अडवला होता. काखेतला टाका कुरकुरत होता. तो सोडला असता तर हात सुटला असता. पण एवढ्या लोकांत, झुंबराच्या उजेडात, मी फाटायचं? छे. मी सगळं बळ एकवटून तो टाका धरून ठेवला. काकूंनी मान पुढे केली. चमचा कलंडला आणि सूप त्यांच्या नव्या पोशाखावर गळ्यापासून खालपर्यंत ओघळलं.

"राहू द्या," काकू हळूच म्हणाल्या. "मला तशी भूक नाहीये."

काकांनी मला काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि पुन्हा चमचा उचलला. लगेच हेड वेटर आला.

"साहेब, कोट अंगात हवा."

"मला हिला भरवायचंय हो."

"मी जेवण तुमच्या खोलीत पाठवतो. तिथे निवांत जेवा."

काकांनी काकूंचा पोशाख पुसला, त्यांना हाताला धरून उठवलं. जाताना मला नीट घडी घालून हेड वेटरच्या हातात दिलं आणि विचारलं, "माझ्यामुळे चुरगळला नाही ना?"

मित्रांनो, त्या वाक्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या टेबलावर मात्र वाद रंगात आला होता. न्यायाधीश म्हणत होते, नियम म्हणजे नियम. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, पाहिलंत ना, हेच मी सांगत होते. दोघांपैकी एकानेही उठून काकूंना थांबा म्हटलं नाही. काका-काकू पुन्हा मोठ्या दालनात आले नाहीत. उरलेले सगळे दिवस खोलीतच जेवले.

पुढे तो नियमही गेला. लोक अर्ध्या चड्डीत जेवायला येऊ लागले. मी नाक मुरडलं नाही. कोणत्या तोंडाने मुरडणार? खुंटीवरून कपाटात, कपाटातून जहाजावरच्या मुलांच्या खोलीत, तुमच्या खेळाच्या पेटीत आलो.

काल तुमच्यातली ती लाल बुटांची मुलगी मला घालून कप्तान झाली आणि लहान भावाला बिस्किट भरवू लागली. खालच्या फ्रॉकच्या फुगीर बाह्यांमुळे मी काखेत ताणलो गेलो. या खेपेस मी धरून ठेवलं नाही. टर्रकन आवाज झाला. ती घाबरली आणि मला पेटीच्या तळाशी लपवून पळाली.

तिला कोणी रागावू नका. शिवणाऱ्या मावशी सुई घेऊन येतील तेव्हा त्यांना सांगा, बटणं लावा, नांगर हवा तर पुन्हा भरा, पण काखेतला टाका घालू नका. आणि तुम्हीही, कोणी काय घालून आलंय ते बघण्याआधी तो माणूस नीट जेवतोय ना, ते बघत जा. एवढंच मागतो. काल तो टाका सुटला आणि छोट्याच्या तोंडात बिस्किट गेलं. काकूंचं सूप तेवढं राहिलं.