लाल दोऱ्याखालचं कलम

पुंडलिकरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये पाटावर कुंडी, कुंडीत हातभर उंचीचं, वाकडंतिकडं म्हातारं झाड. पान एकही नाही, पण फांद्यांवर पांढरी फुलं. घरावरची करणी शोधायला आलेल्या फूलबाबांनी ते दोन दिवस काळ्या कापडाखाली झाकून ठेवलं होतं. झाकलं तेव्हा नुसत्या काटक्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं. कापड निघालं आणि गावाचे हात जोडले गेले. मी मेडिकलवाला, अंगाऱ्याशी रोजची स्पर्धा करणारा. माझे तेवढे खिशात राहिले.

"सफेद फूल मतलब घर पाक," बाबा म्हणाले. "लेकिन ये देखो."

एका बाजूची फांदी लालभडक फुलली होती.

"एका झाडाला दोन रंग! दुनियेत कुठं पाहिलं? लाल जिकडं, करणी तिकडं."

फांदीचा रोख तलावाच्या पाळीकडे होता, आणि तिकडे एकच घर आहे, रुखमाबाईचं. कुंडी तशी कोणी ठेवली, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

पुंडलिकरावांची सून गुंजन. तिचं बाळ मागच्या महिन्यात जन्मल्या दिवशीच गेलं. रुखमाबाई ही पुंडलिकरावांची विधवा वहिनी. गुंजनच्या अंगाला तेल लावायला तीच यायची. गावाला एवढा पुरावा पुरला. दोन बायकांनी तिला दंडाला धरून आणलं. शेजारचा सोमाजी चपलांचा हार घेऊन तयारच होता. मला त्या हाराची भीती वाटली नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या, कालपर्यंत तिच्या हातचं जेवलेल्या माणसांची वाटली.

"मी काहून करीन जी, भाऊजी?" रुखमाबाई म्हणाली. "माह्यंच घर होय ना हे."

पुंडलिकराव कुंडीकडे वळून हात जोडून उभे राहिले.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शुभांगी मॅडम गर्दीतून पुढे आल्या आणि कुंडीपाशी बसल्या. "बाबाजी, लाल फांदीच्या बुडाशीच हा लाल दोरा कायले गुंडाळला?"

"देवीचा नाडा आहे. हाथ मत लगाना. जी बाई सोडेल, तिची कूस जळेल."

आमच्याकडे देवाच्या नावानं बांधलेला दोरा कोणी सोडत नाही. तो कुजून आपोआप पडेपर्यंत राहू देतात. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी हात पुढे केला तसे चौघे आडवे आले.

"मॅडम, तुमची बदली होऊन जाईल. भोगाले आमाले लागते," सोमाजी म्हणाला.

त्याचा आवाज चढत होता. कोणीतरी रुखमाबाईचा पदर ओढला. आता हात उठणार, असं मला वाटलं.

गुंजन ओसरीवरून उतरली. हातात विळा होता.

"माही कूस तं जळलीच हाय. मले कायचं भेव?" ती म्हणाली, आणि तिनं दोरा कापला.

खाली प्लास्टिकची पट्टी निघाली. पट्टीखाली तिरपा काप, आणि दोन वेगवेगळ्या साली एकमेकींना चिकटलेल्या.

मॅडम म्हणाल्या, "हे जपानी जर्दाळू. थंड मुलखात याचे बोन्साय करतात. हिवाळ्यात पानं झडतात, काडीवर नुसत्या बारीक कळ्या उरतात, आणि झाड उबेत ठेवलं की त्या उमलतात. पांढऱ्या झाडावर लाल जातीची काडी बांधली, तर ती लालच फुलते. पुंडलिकराव, तुमच्या बांधावरच्या गावठी बोरीले मोठी बोरं कशी लागली?"

"कलम बांधलं होतं," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "मीच."

अंगणातल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी बोरीला कलम बांधलेलं होतं. फूलबाबा पिशवी उचलून निघाले, पण मॅडमनी ठाण्यात आधीच फोन केला होता. फाटकापाशी पोलीस उभे होते.

गुंजन रुखमाबाईजवळ जाऊन बसली. "डाक्टरीणबाईनं माह्यं रक्त तपासाले सांगतलं होतं, सिकलसेल हाय का म्हणून. त्या रक्ताच्या रोगानं पोटातल्या लेकराले धोका असते म्हणे. कोणी नेलं नाही मले. झाड मात्र दोन दिवस पायत बसले सारे."

पुंडलिकरावांनी वहिनीला घरात चला म्हटलं. ती गेली नाही. पदर सावरून तलावाकडे चालू लागली, आणि आम्ही सगळे तिला वाट देत बाजूला झालो. वाट द्यायला आम्हाला फार उशीर झाला होता.

तिला ओढून आणताना आमच्यातल्या एकानंही, मीसुद्धा, 'कशावरून?' असं विचारलं नाही. हे विचारायला पदवी लागत नाही. तुमच्या गावात कोणाला असं ओढून आणतील तेव्हा तेवढं विचारा, आणि मोठ्यानं विचारा.